उसनं भ्या

"मास्तर, आज मानेत हाय बरं का."

सकाळी तोंड धुवायच्या आधी हे वाक्य ऐकायची मला सवय झाली होती. पहिल्या दिवशी मात्र मानेत काय, ते विचारावं लागलं. मला वाटलं, वाताचं दुखणं असेल. घरमालक चुलीपुढं हात शेकत होते. म्हणाले, "भ्या. आज भ्या मानेत बसलंय."

सारा गाव त्यांना अप्पा म्हणायचा, म्हणून मीही अप्पाच म्हणायचो. पन्नाशीचे, उंच, हाडापेराने मजबूत. मिशा अशा, की नवखा माणूस दोन पावलं मागं सरून बोलायचा. आणि हा माणूस गावातला सगळ्यात भित्रा. भित्रा म्हटलेलं त्यांना चालायचं. पाहुणा आल्याची बातमी सांगावी तसं ते भय वाटल्याचं सांगायचे. कुठं बसलंय तेही सांगायचे. मानेत असलं, तर पाठीमागं काहीतरी आहे. गुडघ्यात असलं, तर पायाखाली बघून चालायचं, साप असेल, खड्डा असेल. तळहातात असलं, तर त्या दिवशी विळा-कुऱ्हाड धरायची नाही. "आणि पोटात असलं तर?" मी एकदा थट्टेने विचारलं. "पोटात असलं तर ती भूक आसती, मास्तर. तिला भ्या समजू नये. लई जनं तितंच फसतेत."

मी तेव्हा नुकता बी.ए. झालो होतो. आमचे वडील चिटगुप्प्याच्या बाजारात पोती वाहायचे. आमच्या घरात कॉलेजचं तोंड पाहिलेला मी पहिला. हैदराबादेत राहून, एका वेळच्या जेवणावर दिवस काढून मी ती पदवी आणली होती, आणि तिचा मला गर्व होता. आजही आहे, तो लपवायचं कारण नाही. पोलीस ॲक्शन होऊन चार-पाच वर्षं झाली होती. खेडोपाडी नव्या शाळा निघत होत्या. हुमनाबादच्या सडकेपासून दोन कोस आत असलेल्या या गावात मला एकशिक्षकी शाळा मिळाली. अप्पांच्या वाड्याला लागून असलेली कडब्याची खोली झाडून त्यांनी मला राहायला दिली. भित्र्या माणसाच्या घरी राहायला आलेला मी स्वतःला भयापलीकडचा समजत होतो. जो माणूस परीक्षेला घाबरला नाही तो आणखी कशाला घाबरणार, असा माझा सरळ हिशेब होता.

अप्पांच्या भयाच्या गोष्टी गावात चवीने सांगितल्या जायच्या. विहिरीवर पाणी शेंदायचं तर ते आधी कमरेला दोर बांधायचे, दुसरं टोक लिंबाच्या बुंध्याला, मगच काठावर पाय. पोस्टमन आला की तो खाकी कपडे बदलून येईपर्यंत पत्र घ्यायचे नाहीत. बिचारा पोस्टमन वेशीबाहेर सदरा काढून, बनियनवर यायचा. एकदा हुमनाबादच्या स्टँडवर तिकीट काढून गाडीत बसले आणि गाडी सुटताना उतरले. म्हणे भय दोन्ही खांद्यांच्या मधोमध आलं. त्या गाडीने गेलेले लोक सुखरूप पोचले, बाजार करून संध्याकाळी परत आले आणि चावडीवर अप्पांना धरून हसू लागले.

"काय अप्पा, गाडी तर पोचली की!"

"पोचली ते चांगलं झालं," अप्पा शांतपणे म्हणाले. "मी भ्यालो ते बी चांगलं झालं. दोन्ही चांगलंच की. हसायलाव कामून?"



पण याच माणसाकडे नौबादपासून, चिंचोळीपासून लोक हात जोडून यायचे. कारण अप्पांच्या घरी करवानी कुत्री होती. लांब पायांची, पोट पाठीला लागलेली, निमुळत्या तोंडाची. नजरेवर धावणारी जात. रानडुकरं पिकात शिरली, मेंढरांवर लांडगा पडला, की अशी दोन कुत्री असलेल्या गावाला झोप यायची. अप्पांनी तयार केलेलं कुत्रं जनावर अडवायचं, दमवायचं, माणसं येईतो धरून ठेवायचं, आणि मुख्य म्हणजे जिवंत परत यायचं. दुसऱ्यांची कुत्री एक-दोन हंगामांत मरायची. अप्पांची म्हातारी होऊन, दात पडून, ताकात कुस्करलेली भाकर खात उन्हाला बसलेली असायची.

ते कुत्र्याला शिकवायला कधी घेतात, यात सगळं होतं. शेजारच्या गावचा एक कुत्रेवाला सहाव्या महिन्यातच पिल्लाला जनावरामागं पळवायचा. पुढं वर्षाच्या आत त्या पिल्लाचे पाय फाकायचे. लोक म्हणायचे आठ महिने बरे, कुणी म्हणायचं दहा. अप्पा महिने धरतच नसत. "महिन्यानं पाय तयार होतेत. टकुरं न्हाई." त्यांचा नेम वेगळा होता. पिल्लाने आपल्या मनाने कशाला तरी भ्यालं पाहिजे, पळालं पाहिजे. आणि मग कुणी न बोलावता, न चुचकारता, भ्यालेल्या त्या वस्तूकडे आपण होऊन परत आलं पाहिजे. पळणं हे एक, परतणं हे दोन. दोन्ही झाल्यावर तिसऱ्या दिवशी गळ्यात दोरी. त्याच्या आधी कुणी सोन्याची साखळी आणली तरी नाही.

"भ्यालं नाही तर?" मी विचारलं होतं.

"तर थांबायचं."

"आणि कधीच भ्यालं नाही तर?"

अप्पांनी माझ्याकडे असं पाहिलं, की जणू मी घरात बसून मरणाचं नाव काढलं. "आसं बोलू नका, मास्तर. आता बगा, गुडघ्यात आलं."

शाळू तशी निघाली. शाळू ज्वारीच्या दाण्यासारखा पांढरट रंग, म्हणून ते नाव. एका वेताची तिची पाच भावंडं होती. अप्पांनी माझी काळी छत्री मागून नेली आणि अंगणात त्यांच्या तोंडासमोर फाडकन उघडली. पाचही पिल्लं किंचाळत गोठ्यात गेली. थोड्या वेळाने एकेक नाक पुढं करत आली आणि छत्री हुंगून गेली. शाळू मात्र जागची हलली नाही. शेपटी हलवत पुढं आली, छत्रीचं टोक तोंडात धरलं आणि ओढत नेऊन माझ्या खोलीत ठेवलं. मी हसलो. "अप्पा, ही तर तुमची सगळ्यात शूर कुत्री!"

अप्पा हसले नाहीत. त्यांनी छत्री मिटली.

त्यानंतर त्यांनी काय काय करून पाहिलं! तिच्या पाठीमागं घमेलं आपटलं. हलगी वाजवणाऱ्याला बोलावलं. जत्रेतल्या वाघाचा मुखवटा घालून स्वतः चार पायांवर आले, तेव्हा अक्का, म्हणजे त्यांची बायको, पदर तोंडात कोंबून घरात पळाली. शाळूने मुखवट्याचं नाक चाटलं. भावंडं तयार होऊन आपापल्या गावी गेली. शाळूला वर्ष झालं, तेरावा महिना सरला. पाय असे झाले होते, की ती अंगणाच्या भिंतीवरून पायरी ओलांडावी तशी जायची. आणि अप्पा म्हणत होते, "न्हाई. आजून न्हाई."

मला हा नुसता हट्ट वाटायचा. एकदा जेवताना मी अक्काजवळ तसं बोललो. अप्पा शेतात होते. अक्काने भाकरी थापता थापता हात थांबवला.

"मास्तर, ह्यांचा मोठा भाऊ हुता. कुत्र्याचं समदं इलम त्याचंच. त्याला भ्या म्हनून ठावं नव्हतं. ॲक्शनच्या आदी ती खाकीवाल्यांची गडबड झाली नव्हं? ह्यांच्या मानेत भ्या आलं. ह्यांनी मला, पोरीला आदल्या दिशी रानात न्हेलं, ज्वारीत लपवलं. भावाला पाया पडून सांगिटलं, चल. त्यो हसला. म्हनला, आपल्या घरात आपल्याला कशाचं भ्या." अक्काने भाकर तव्यावर टाकली. "तिसऱ्या दिशी आमी परत आलाव. त्यो न्हवता."

मी त्या दिवसापासून चेष्टा बंद केली. पण मनातून माझं मत तेच राहिलं. न भिणारं जनावर चांगलं, न भिणारा माणूस त्याहून चांगला.

त्या हिवाळ्यात तुरी डोक्यावर गेल्या होत्या. त्या तुरींत लांडगे आले. आधी धनगरांची कोकरं गेली. मग ओढ्यापलीकडच्या वस्तीतली सात वर्षांची पोर, माझ्या शाळेतली, दप्तर घेऊन येताना लांडग्याने खांद्याला धरली. कापणीच्या बाया विळे घेऊन ओरडत धावल्या म्हणून त्याने टाकली. पोर वाचली. पण वस्तीवरची अकरा पोरं शाळेला यायची बंद झाली. माझी शाळाच ती केवढी, निम्मी ओस पडली. बंदुका सगळ्या ॲक्शननंतर ठाण्यात जमा होत्या. मी शिकारी पाठवा म्हणून मराठी, उर्दू आणि इंग्रजी अशा तीन भाषांत अर्ज केले. एकाही भाषेत उत्तर आलं नाही.

गाव अप्पांच्या अंगणात जमला. "अप्पा, दारात असली कुत्री बांधून ठिवलाव, कामून? सोडा की तिला."

"तिला भ्या न्हाई."

"आरं मग चांगलंच हाय की! लांडग्याला भिनारी काय कामाची?"

"भिनारी परत येती," अप्पा म्हणाले. "न भिनारी जाती." ते आत गेले आणि दार लावून घेतलं.

एक माणूस थुंकून म्हणाला, "भ्याडाच्या घरात वाघीन जन्मली, तिचं नशीब."

रविवार होता. अप्पा चिटगुप्प्याच्या बाजाराला गेले होते. मी ठरवलं, वस्तीवर जायचं, पोरांच्या आईबापांना समजावायचं. सोबतीला शाळू. खरं सांगायचं तर नुसती सोबत नको होती. लोकांना दाखवायचं होतं, की एक शिकलेला माणूस आणि एक न भिणारी कुत्री भर सकाळी ओढा ओलांडून येतात. अक्का परसात होती. मी दावं सोडलं आणि दोरीचे दोन वेढे मनगटाला घेतले.

ओढ्याला घोट्याएवढं पाणी होतं. ऊन चांगलं वर आलं होतं. पलीकडच्या काठावर, बोरीच्या झुडपाजवळ, तो उभा होता. मी आधी धनगराचं कुत्रं समजलो. मग त्याने मान खाली घालून माझ्याकडे पाहिलं, आणि ते कुत्रं नाही हे मला डोक्याने नाही, गुडघ्याने कळलं.

शाळूने दोरी ताणली. शेपटी वर, कान पुढं. कुणीतरी ओळखीचं भेटल्यासारखी खुशीत होती ती. मला ओरडायचं होतं, दगड उचलायचा होता. मी काहीच केलं नाही. माझ्या मांड्या हलू लागल्या, मग मनगट, आणि मनगटाला वेढलेली दोरी. शाळूने वळून माझ्या तोंडाकडे पाहिलं. पुष्कळ वेळ पाहिलं. मग तिची शेपटी हळूहळू खाली आली, पायांत गेली. ती मागं सरली, माझ्या पिंढऱ्यांना चिकटून बसली आणि थरथरू लागली. आम्ही दोघंही थरथरत होतो. लांडग्याने आमच्याकडे कंटाळल्यासारखं पाहिलं आणि तो तुरीत शिरला.

माझा पायजमा ओला झाला होता. हे मी आज पहिल्यांदा लिहितो आहे. मी ओढ्यात बसलो, कमरेपर्यंत भिजलो, आणि घरी येऊन अक्काला सांगितलं, पाय घसरला.

दुपारी अप्पा आले. शाळूच्या अंगावर हात फिरवताच त्यांना काहीतरी कळलं असावं. माझ्या खोलीच्या दाराशी येऊन उभे राहिले. "काय झालं, मास्तर?"

मी सांगितलं. लांडगा दिसला. शाळू भ्याली. मागं सरली, थरथरली.

अप्पांनी दाराची चौकट धरली. "भ्याली? आपल्या मनानं?"

"हो."

"आदी कोन भ्यालं?"

"म्हणजे?"

"तुमी भ्यालाव का तिच्या आदी? दोरी हातात हुती नव्हं? माजं ऐका, ह्यात लाज न्हाई. मानसाचं भ्या दोरीतनं उतरतंय. ते उसनं भ्या, त्याचा काय उपेग न्हाई. तिचं सोताचं पायजे. म्हनून इचारायलोय. तुमी भ्यालाव का?"

त्या दारात मी उत्तर दिलं. मागं अक्का उभी होती. शेजारची दोन माणसं कुंपणावरून ऐकत होती. मी म्हणालो, "मी कशाला भिऊ, अप्पा? मी उभाच होतो."

"खरं?"

"खरं."

असा आनंद मी त्यांच्या तोंडावर कधी पाहिला नव्हता. त्यांनी शाळूचं तोंड दोन्ही हातांत धरलं, तिला गुळाचा खडा दिला, अक्काला हाक मारली, "आगं, भ्याली की! शाळू भ्याली!" दुसऱ्या दिवशी ते तिला ओढ्यावर घेऊन गेले. लांडगा जिथं उभा होता तिथं ती सरळ चालत गेली आणि जागा हुंगून आली. परतणंही झालं. जी कधी पळालीच नव्हती तिला परतायला काय अवघड होतं? पण हे त्यांना कसं कळावं? तिसऱ्या दिवशी त्यांनी तिच्या गळ्यात दोरी घातली.

इकडे माझं नाव झालं. बी.ए. मास्तर लांडग्यासमोर खांबासारखा उभा राहिला, ही बातमी सडकेपर्यंत गेली. अकरांपैकी सात पोरं शाळेला परत आली, कारण आता मास्तर स्वतः त्यांना ओढ्यावरून आणायला जायचे. मी रोज जायचो. पोरं माझा हात धरायला बघायची. मी हात खिशात ठेवायचो, कळू नये म्हणून. दोन्ही खांद्यांच्या मधोमध भय बसतं म्हणजे काय, ते मला आता नेमकं कळत होतं.

आणि अंगणात शिकवणी चालली होती. बस म्हटलं की बसायचं, सोड म्हटलं की तीरासारखं जायचं, हाक आली की अर्ध्यातून फिरायचं. शाळू सगळं झटपट शिकली. अप्पा मला बोलावून दाखवायचे. "तुमच्यामुळं झालं, मास्तर. न्हाई तर मी आजून वाटच बगत बसलो आसतो." मी दर रात्री ठरवायचो, उद्या सांगायचं. एकदा "अप्पा, एक बोलायचं होतं" एवढं म्हणालोही. "बोला की," म्हणाले ते. मी म्हणालो, "खोलीचं कौल सरकलंय." त्याच दिवशी शिडी लावून, कमरेला दोर बांधून, भीत भीत त्यांनी ते कौल बसवलं. मी खाली शिडी धरून उभा होतो.

तूर काढायला आली तेव्हा लांडगे आत असल्याचं धनगरांनी सांगितलं. सकाळी सगळा गाव काठ्या घेऊन बांधावर उभा राहिला. मला पुढं बोलावत होते. मी मागच्या रांगेत, एका बाभळीआड राहिलो. अप्पा जाण्याआधी माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाले, "आज मी माजं भ्या दाबून धरलंय. आता तिला तिचं हाय, मधी माजं नको. न्हाई तर गोंधळती बिचारी." त्यांचं तोंड दगडासारखं झालं होतं. असे ते मला कधीच दिसले नव्हते.

लांडगा तुरीतून निघाला तो लंगडत. लंगडत, मागं बघत, ओढ्याकडे. लोक ओरडले, "लंगडाय! सोडा, सोडा!" अप्पांनी दोरी सोडली. शाळू दहा हात गेली, थांबली आणि वळून अप्पांच्या तोंडाकडे पाहिलं. अगदी तशीच, जशी तिने माझ्याकडे पाहिलं होतं. भ्यायचं का, हे ती विचारत होती. ते तोंड दगडाचं होतं. मी बाभळीआड होतो. ती फिरली आणि सुटली.

ओढ्याशी पोचेपर्यंत लांडगा लंगडत होता. मग तो लंगडायचा थांबला. दुसरा बोरीतून आला, मागून. अप्पा हाका मारत धावले, माणसं धावली. पोचेपर्यंत जे व्हायचं ते झालं होतं. शाळू जिवंत होती. उजवा मागचा पाय मांडीपासून चिरडला होता, एक कान नव्हता. लांडगे गेले होते. अप्पा तिला पोराला उचलावं तसं उचलून घेऊन आले. बांबूच्या कामट्या बांधल्या, हळद भरली, पंधरा दिवस तिच्याजवळून उठले नाहीत.

तिला उभं राहता आलं त्या सकाळी ती तीन पायांवर अंगणाच्या दाराकडे निघाली. ओढ्याकडे. शेपटी वर होती. तिला धरून दाव्याला बांधावं लागलं. दुसऱ्या दिवशीही तेच. रोज सकाळी ती दावं ताणायची, गळा काचायचा, पण थांबायची नाही.

अप्पा समोर बसून बघत राहायचे. "भ्यालेलं जनावर आसं वढ घेत न्हाई," ते स्वतःशीच म्हणायचे. "भ्याली हुती. मास्तरांनी बगितलं. मग माजा नेमच खोटा हुता म्हना की. भ्या म्हंजी काईच न्हाई मग. उगंच जलमभर..." दोन नवी पिल्लं होती, ती त्यांनी पहिल्या माणसाला देऊन टाकली.

एके दिवशी दुपारी अक्का शाळेच्या दाराशी आली. ती कधी शाळेकडे आली नव्हती. पोरं लिहीत होती. ती मला बाहेर बोलावून म्हणाली, "मास्तर, ह्यांनी चार दिस झालं भ्या वाटतंय म्हनलं न्हाई."

"म्हणजे बरंच की, अक्का."

"बरं न्हाई." अक्का म्हणाली. "पोस्टमन खाकी सदऱ्यात आला, त्याच्या हातनं टपाल घेतलं. काल साप निघाला, तर तितंच बसून ऱ्हायले. आन आता विहिरीवर गेलेत. दोर घरातच हाय, मास्तर. दोर न बांदता गेलेत."

मी पोरांना काय सांगितलं ते आठवत नाही. मी धावलो.

अप्पा विहिरीच्या अगदी काठावर, पाय आत सोडून बसले होते. खाली पाणी काळं होतं. काठाचे दगड सुटलेले, गवताने निसरडे. मी लिंबापाशीच थांबलो. पुढं पाऊल पडेना.

"अप्पा, मागं सरा."

"कामून? काय व्हतंय?" त्यांनी मान वळवली नाही. आवाज अगदी शांत होता. "कायबी वाटत न्हाई, मास्तर. बगा, कुटंच न्हाई. मानेत न्हाई, गुडघ्यात न्हाई."

मी तिथूनच ओरडलो, "अप्पा, ती भ्याली नव्हती! मी भ्यालो होतो!"

ते हलले नाहीत.

"मी आधी भ्यालो. दोरी मनगटाला वेढली होती. माझे पाय कापत होते, तिने माझ्या तोंडाकडे बघितलं, मग ती भ्याली. माझा पायजमा... मी ओढ्यात बसून धुतला. घसरलो म्हणून खोटं सांगितलं. तुमचा नेम खोटा नव्हता, अप्पा. मी खोटा होतो."

मग अप्पांनी खाली, पाण्याकडे पाहिलं. त्यांच्या पाठीवरून एक शहारा गेलेला मला स्पष्ट दिसला. दोन्ही हात मागं टेकून, गवत मुठीत धरून, ते इंच इंच मागं सरकू लागले. दात वाजत होते. लिंबाचा बुंधा पाठीला लागला तेव्हा त्यांनी मागं हात नेऊन त्याला मिठी मारल्यासारखं धरलं.

"दोरी किती लांब हुती?" त्यांनी विचारलं.

"चार-पाच हात."

"आन वेढे?"

"दोन."

त्यांनी मान हलवली. कारागिराला मोडलेल्या वस्तूतला बिघाड सापडावा, तशी. मग माझ्याकडे पाहिलं. डोळ्यांत राग नव्हता. तो असता तर मला सोसलं असतं.

"मास्तर, समद्या गावात भ्यालेल्या मानसाला न हसनारा मी येकला. आन तुमी माज्यापशीच लपवलाव?"

मी बी.ए. होतो. तीन भाषांत अर्ज लिहीत होतो. एकाही भाषेत मला उत्तर सुचलं नाही.

त्यांनी मला खोली सोडायला सांगितलं नाही. गावात कुणाला काही सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी शाळूचं दावं सोडलं आणि तिला माझ्या दाराशी आणून उभं केलं.

"हिला जाऊ द्यावंच लागतंय, न्हाई तर गळा कापून घीईल. आन हिचं सोताचं भ्या आता काय यायचं न्हाई, उसनं तर उसनं. तवा तुमी न्ह्या. वेढे घ्या मनगटाला, चांगले घट. आन लपवू नका."

मी शाळूला घेऊन निघालो. अप्पा दहा पावलं मागून येत होते. शाळू तीन पायांवर पुढं पुढं ओढत होती. पोरं वस्तीवरून निघाली होती, पलीकडच्या काठावर उभी राहून बघत होती. ओढ्याच्या काठावर आलो तेव्हा माझ्या मांड्या हलू लागल्या. हात खिशात घालावासा वाटला. घातला नाही. मी थरथरत, सगळ्या पोरांसमोर, तिथं उभा राहिलो.

शाळूने वळून माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि ती थांबली.